हेअर ट्रान्सप्लांटनंतर केस कसे उगवतात: पहिल्या रात्रीपासून दीड वर्षापर्यंत

हेअर ट्रान्सप्लांट करून गेलेल्या माणसाचा घाबरलेला फोन बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. "मॅडम, लावलेले सगळे केस गळाले. उशीवर केस, टॉवेलवर केस." खरं तर त्या वेळी डोक्यात सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं असतं. उलट ज्या गोष्टींसाठी रात्री अकरालाही फोन करायला हवा त्या माणसं आठवडाभर अंगावर काढतात: वाढत जाणारं दुखणं, पू, ताप. मी एका क्लिनिकमध्ये ऑपरेशननंतरचं सगळं बघते, पहिल्यांदा डोकं धुऊन देण्यापासून वर्षाअखेरच्या फोटोंपर्यंत. कधी काय होणार हे आधी कळलं तर पेशंटची आणि घरच्यांचीही पुष्कळ घालमेल वाचते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पुरुषांच्या नेहमीच्या टक्कलासाठी आज सर्रास होणारी एफयूई पद्धत, म्हणजे केसांची मुळं एकेक करून सुटी काढायची पद्धत, इथे धरली आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण तुमचं डोकं त्यांनी पाहिलेलं आहे.

नेमकं काय लावलेलं असतं

डोक्याच्या मागून, या कानापासून त्या कानापर्यंतच्या पट्ट्यातून, १ ते ४ केसांचे छोटे पुंजके मुळासकट काढतात. अशा एका पुंजक्याला ग्राफ्ट म्हणतात. म्हणून २,००० ग्राफ्ट आणि २,००० केस हा हिशेब एक नाही, केस त्याहून बरेच जास्त असतात. मागचेच का घेतात? पुरुषांच्या टक्कलामागे डीएचटी हा हार्मोन असतो. पुढची आणि भोवऱ्याजवळची मुळं त्याच्यामुळे वर्षागणिक बारीक होत जातात. मागच्या पट्ट्यातल्या मुळांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. ती पुढे आणून लावली तरी आपला मूळ गुण सोडत नाहीत. न्यू यॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये हे मांडलं आणि हे ऑपरेशन आजही त्याच गोष्टीवर उभं आहे.

आता केसाचं चक्र बघा. डोक्यावरचा केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि मूळ साधारण ३ महिने विश्रांती घेतं. त्यानंतर त्याच मुळातून नवा केस येतो. ट्रान्सप्लांटमध्ये मूळ काही तास रक्तपुरवठ्याविना राहतं, नव्या जागी जातं, तिथे पुन्हा रक्त मिळू लागतं. या धक्क्याने ते वरचा केस सोडून देतं आणि विश्रांतीत जातं. म्हणून नवा केस तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या आधी दिसत नाही. दिसू लागला की तो महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. म्हणजे चौथ्या महिन्यात उगवलेला केस सहाव्या महिन्याच्या अखेरीस जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचा असणार. हे गणित डोक्यात पक्कं बसवा. पुढे पडणाऱ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं यातच आहेत.

पहिले दहा दिवस: मुळं धरेपर्यंत

या दिवसांत लावलेलं मूळ हात लागून, घासून, आपटून निघू शकतं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात नाजूक. त्यानंतर पकड दर दिवशी घट्ट होते आणि नवव्या-दहाव्या दिवशी मूळ त्वचेत पक्कं बसलेलं असतं.

पहिल्या चार-पाच रात्री डोकं उंच ठेवून, पाठीवर झोपा. दोन-तीन उशा पाठीमागे लावा, मानेला आधार द्या. कुशीवर वळायची सवय असेल तर दोन्ही बाजूंना लोड ठेवा. बटणाचा शर्ट घाला, टी-शर्ट डोक्यावरून काढताना ग्राफ्टवर घासतो. रिक्षात चढताना, गाडीत बसताना, स्वयंपाकघरातल्या उघड्या कपाटाखाली वाकताना सांभाळा. डोकं आपटल्याचे बहुतेक प्रकार घरातच होतात. गर्दीच्या वेळी लोकल किंवा बस या आठवड्यात नकोच.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कपाळ सुजतं आणि सूज हळूहळू डोळ्यांवर उतरते. काही जणांचे डोळे सकाळी नीट उघडत नाहीत. ऑपरेशनच्या वेळी त्वचेत सोडलेलं द्रव खाली उतरत असतं, त्यामुळे हे होतं. आठवडाभरात सूज ओसरते. बर्फाचा शेक द्यायचाच असेल तर कपाळावर, कापडात गुंडाळून. ग्राफ्टवर बर्फ कधीच नाही.

एखादा ग्राफ्ट निघाला का, हे ओळखायची खूण रक्त आहे. जागेवरून थेंब-दोन थेंब रक्त आलं तर स्वच्छ गॉज हलक्या हाताने पाचेक मिनिटं दाबून धरा आणि क्लिनिकला कळवा. रक्ताशिवाय खपलीबरोबर केस आला तर तो नुसता वरचा केस आहे, मूळ आत आहे.

तंबाखू, सिगारेट, गुटखा आणि मिश्रीसुद्धा बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि नव्या मुळाला या दिवसांत रक्ताचीच गरज असते. मिश्री माणसं यात धरतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं. दारूही डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद ठेवा, गोळ्या चालू असताना तर अजिबात नको.

डोकं कसं धुवायचं

यावर जरा थांबते, कारण पेशंट सगळ्यात जास्त घाबरतात ते इथेच. पहिलं धुणं बहुतेक क्लिनिकं दुसऱ्या ते चौथ्या दिवशी स्वतः करून देतात. तिथे घरच्या एखाद्या माणसाला सोबत न्या आणि नीट बघायला सांगा, पुढचे दिवस तेच धुणार आहेत.

वाटीत कोमट पाणी घ्या, त्यात सांगितलेला सौम्य शाम्पू घालून बोटांनी फेस करा. नुसता फेस उचलून ग्राफ्टवर ठेवायचा, टेकवल्यासारखा. चोळायचं नाही, नखं लागू द्यायची नाहीत. पाचेक मिनिटं तसंच राहू द्या. मग मगमधून किंवा तांब्यातून कोमट पाण्याची बारीक धार, डोक्याजवळून, हळूहळू सोडा. शॉवरचा जोर नको, नळाखाली डोकं नको. मागचा डोनर भाग, म्हणजे जिथून ग्राफ्ट काढले ती जागा, जरा मोकळ्या हाताने धुतला तरी चालतो. पुसताना लावलेल्या जागेवर टॉवेल फिरवू नका. पाणी आपोआप निथळू द्या, फारच वाटलं तर मऊ सुती कापड नुसतं टेकवा.

सातव्या-आठव्या दिवसापासून खपल्या मऊ झालेल्या असतात. आता फेस जरा जास्त वेळ ठेवा आणि बोटांच्या पेरांनी अगदी हलकं गोल फिरवा. खपली आपण होऊन सुटेल तितकीच काढा. दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत डोकं बहुतेक स्वच्छ व्हायला हवं. भीतीपोटी डोकं न धुणारे कित्येक जण मी पाहिले आहेत. त्यांच्या खपल्या जाड, चिकट होतात, खाली खाज आणि पू होतो, आणि मग काढताना जास्त त्रास होतो. धुणं टाळण्यापेक्षा नीट शिकून घेतलेलं बरं.

खाज सगळ्यांना येते. सलाईनचा स्प्रे मारा, खाजवू नका. डोक्याच्या वरच्या आणि मागच्या भागाला बधिरपणा काही आठवडे, कधी काही महिने राहतो. तो जातो.

दुसरा ते आठवा आठवडा: गळतीचे दिवस

खपल्या गेल्यावर लावलेल्या जागी छान बारीक केस उभे दिसतात. माणूस खूश होतो, फोटो काढतो. आणि मग तेच केस गळायला लागतात.

गळालेला केस उजेडात धरून बघा. त्याच्या टोकाला पांढरा बारीक ठिपका असतो. तो पाहूनच लोक म्हणतात, मुळासकट आला. तो मुळाचा जिवंत भाग नाही. विश्रांतीत जाणाऱ्या प्रत्येक केसाच्या टोकाला तो असतो, रोज कंगव्यात येणाऱ्या केसांच्या टोकालाही असतो. नवा केस जिथून तयार होतो तो भाग त्वचेत खोलवर राहिलेला असतो, आणि दहाव्या दिवसानंतर तो साध्या धुण्या-पुसण्याने बाहेर येत नाही. लावलेले बहुतेक केस या काळात गळतात. काहींचे थोडे केस टिकून तसेच वाढत राहतात. दोन्ही ठीक आहे. ज्याचे कमी गळाले त्याला शेवटी दाट केस येतील असा काही नियम नाही.

याच सुमारास आणखी एक गोष्ट होते, आणि ती आधी सांगितली नसेल तर माणूस खचतो. लावलेल्या जागेच्या आसपासचे तुमचे स्वतःचे जुने केसही गळू शकतात. याला शॉक लॉस म्हणतात. कधीकधी मागच्या डोनर भागातही विरळ चट्टे दिसतात. हे केस बहुतांशी तीन-चार महिन्यांत परत येतात. आधीच फार बारीक झालेली, शेवटच्या घटका मोजणारी मुळं मात्र परत येतीलच असं नाही. लावलेले गळाले, जुनेही गळाले, शिवाय एफयूईसाठी मशीन फिरवलेलं, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात डोकं ऑपरेशनच्या आधीपेक्षा वाईट दिसतं. हा सगळ्यात कठीण महिना आहे. "पैसे घालून असलेलेही घालवलेस" असं घरात कुणीतरी बोलतंच. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

याच कारणाने, स्वतःच्या लग्नाआधी केस हवे असतील तर ऑपरेशन निदान दहा-बारा महिने आधी करा. दिवाळीनंतर ऑपरेशन करून मे महिन्यातल्या मांडवात दाट केसांनी उभं राहायचा बेत जमत नाही. तेव्हा वाढ अर्ध्यावर असते.

हेल्मेट, तेल, गुलाल, वस्तरा

हेल्मेटबद्दल सगळेच विचारतात. दहा-चौदा दिवस दुचाकी चालवूच नका. ग्राफ्ट जपायचे म्हणून विनाहेल्मेट निघणं हा पर्याय मुळीच नाही, जीव जाईल. रिक्षा करा, घरून काम मागा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आतून स्वच्छ, जरा सैल हेल्मेट सरळ वरून घाला आणि सरळ वर काढा. दहा दिवसांनंतर हेल्मेटने केस उगवायचे थांबत नाहीत.

चालणं दोन-चार दिवसांत सुरू करता येतं. वजनं उचलणं, धावणं, घाम गळेपर्यंत व्यायाम दोन-तीन आठवड्यांनी. एफयूटी पद्धतीने मागच्या त्वचेची अख्खी पट्टी काढून टाके घातले असतील तर याहून बराच उशीर, कारण मागच्या जखमेवर ताण येतो. पोहणं महिनाभर नको. ऊन पहिले तीन महिने टाळाच, विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तर सैल टोपी किंवा छत्रीशिवाय बाहेर पडू नका. नवी त्वचा भाजली की डाग राहतो.

तेल निदान महिनाभर नको, आणि नंतरही जोराची चंपी नको. खोबरेल तेलाने केस मऊ राहतात, कमी तुटतात, पण लावलेलं मूळ तेलाने लवकर उगवत नाही. आजीने कितीही प्रेमाने वाटी पुढे केली तरी तेवढा महिना थांबा. गुलाल आणि धुळवडीचे रंग महिनाभर लांब ठेवा. विसर्जन मिरवणूक ऑपरेशननंतरच्या पंधरवड्यात येत असेल तर तारीखच पुढे घ्या. मेंदी किंवा डाय डॉक्टरांना विचारून, साधारण महिना-दीड महिन्यानंतर.

सलूनमध्ये कात्रीने केस कापायला महिन्यानंतर हरकत नसते. लावलेल्या जागेवर मशीन किंवा वस्तरा मात्र तीन-चार महिने नको. एक अवघड प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो: घरात कुणी गेलं आणि केस उतरवावे लागले तर? किंवा तिरुपतीचा नवस असेल तर? मुळं बरी होऊन केस वाढल्यावर डोकं भादरलं तरी काही बिघडत नाही, केस इतर केसांसारखे परत येतात. पहिल्या काही आठवड्यांत प्रसंग आला तर लावलेल्या भागाला वस्तरा लावू नका, डॉक्टरांना फोन करा आणि गुरुजींना कारण सांगा.

तिसरा ते पाचवा महिना: पहिले कोंब

पहिले येणारे केस निराश करतात. बारीक, फिके, वाकडे. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. सगळी मुळं एकाच दिवशी झोपली नव्हती, तर एकाच दिवशी उठणार कशी? डावी-उजवी बाजू एका महिन्याच्या फरकाने चालणं अगदी नेहमीचं आहे.

नवा केस त्वचा फोडून वर येताना पुटकुळ्या येतात. दोन-चार असतील तर गरम पाण्यात बुडवून पिळलेल्या स्वच्छ कापडाने शेका. फोडू नका. पसरत गेल्या, ठणकू लागल्या, पिवळा पू दिसला तर डॉक्टरांकडे जा, औषधाने आवरतात.

सहावा ते अठरावा महिना

सहाव्या महिन्यात साधारण अर्धी वाढ दिसते. सहा ते नऊ हे महिने आनंदाचे, दर महिन्याला फरक कळतो. काहींचे नवे केस राठ आणि कुरळे येतात, मूळ केसांशी जुळत नाहीत. वर्ष-सव्वा वर्षात ते बहुधा मऊ होतात. केसांची संख्या वाढायची थांबली तरी एकेक केस जाड होत राहतो आणि त्यामुळे भरदारपणा वाढतो.

पुढची हेअरलाइन आधी भरते. भोवऱ्याची जागा उशिरा, तिथे पूर्ण निकालाला पंधरा ते अठरा महिनेही लागतात. म्हणून बारा महिन्यांच्या आत निकाल लावू नका आणि दुसऱ्या सिटिंगसाठी कुणी सहाव्या महिन्यातच आग्रह करत असेल तर ऐकू नका.

रोज आरशात बघून काहीच कळत नाही. महिन्यातून एकदा, ठरावीक तारखेला फोटो काढा: तीच खोली, तोच दिवा, तेच अंतर, केस कोरडे, तेल-जेल काही नाही. समोरून, दोन्ही बाजूंनी, मान खाली घालून वरून आणि मागून, असे पाच. ट्यूबलाइटच्या बरोबर खाली किंवा ओल्या केसांत दाट डोकंही विरळ दिसतं.

जे केस लावले नाहीत त्यांचं काय

लावलेले केस टिकतात, पण त्यांच्यामधले तुमचे मूळचे केस डीएचटीमुळे बारीक होतच राहतात. पाच वर्षांनी पुढे दाट रांग आणि तिच्यामागे मोकळं मैदान असं डोकं दिसतं, ते यामुळे. हे टाळायला डॉक्टर बहुधा दोन औषधं सुचवतात. त्वचेवर लावायचं मिनॉक्सिडिल, ज्याला अमेरिकेत १९८८ मध्ये परवानगी मिळाली, आणि फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी, जिला १९९७ मध्ये मिळाली. मिनॉक्सिडिलने सुरुवातीला थोडी गळती वाढते, त्याने घाबरू नका. ऑपरेशननंतर ते कधी सुरू करायचं हे डॉक्टर ठरवतील. फिनास्टेराइडने काही पुरुषांची कामेच्छा कमी होते किंवा ताठरतेच्या तक्रारी येतात. मन उदास वाटू लागलं तरी ते डॉक्टरांना सांगा. प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडाही या गोळीने खाली येतो, म्हणून ती तपासणी करणाऱ्याला गोळीबद्दल सांगायला हवं. गरोदर बाईने फुटलेली गोळी हाताळू नये. मित्राच्या सांगण्यावरून मेडिकलमधून परस्पर आणू नका. दोन्ही औषधं बंद केली की त्यांनी राखलेले केस काही महिन्यांत जातात, हेही धरून चला.

बायोटिनच्या गोळ्या लोक मनाने घेतात. शरीरात कमतरता नसेल तर त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. त्यापेक्षा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड एकदा तपासा. आणि पावसाळ्यात डेंग्यू किंवा टायफॉइड होऊन गेला असेल तर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्याचे केस गळतात. ती तापानंतरची गळती आहे, ट्रान्सप्लांट फसल्याची खूण नाही, आणि ती भरून येते.

खरंच कधी धावायचं

चौथ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय, ताप आहे, पू किंवा दुर्गंधी आहे, दाबूनही रक्त थांबत नाही, त्वचेचा एखादा भाग काळा पडतोय: त्याच दिवशी दाखवा. गोळी घेतल्यावर अंगावर गांध्या आल्या किंवा श्वास लागला तर थेट हॉस्पिटल. आठव्या-नवव्या महिन्यातही लावलेल्या जागी जवळपास काहीच नसेल तर नुसतं "थांबा" हे उत्तर पुरेसं नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडून डोकं भिंगाखाली तपासून घ्या. लायकेन प्लॅनोपिलॅरिससारखा आजार मुळंच नष्ट करतो आणि तो ओळखल्याशिवाय दुसरं ऑपरेशन करणं म्हणजे आणखी ग्राफ्ट वाया घालवणं.

हे दाखवायचं कुणाला, हाही प्रश्न येतो, कारण काही जागी ऑपरेशन कुणी केलं हेच पेशंटला सांगता येत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की हेअर ट्रान्सप्लांट रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करायचं, व्हिडिओ बघून किंवा कार्यशाळेला बसून शिकलेल्याने नाही. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक कागदावर मागा. परदेशात राहणारे काही जण इस्तंबूलला जाऊन करून येतात. त्यांनी निघण्याआधीच घराजवळचा एक त्वचारोगतज्ज्ञ ठरवून ठेवावा, चौथ्या महिन्यातली पुटकुळी व्हिडिओ कॉलवर नीट दिसत नाही.

वर्षाच्या भेटीला जाताना महिन्यांचे फोटो तारखेनुसार लावून न्या. ग्राफ्ट किती काढले, किती लावले आणि मागे आणखी किती काढण्यासारखे शिल्लक आहेत, हे तीन आकडे लिहून घ्या. मागचा पट्टा एवढाच आहे. तिथून काढलेला ग्राफ्ट त्या जागी परत येत नाही, आणि भोवऱ्यासाठी पुढेमागे लागणारे केसही त्यातूनच घ्यायचे आहेत.